मूठ आणि टाळी

"स्... स्... पुढे काय दिसतंय?" बाईंनी चौथ्यांदा विचारलं. टकळीने फळ्याकडे न बघता बाईंच्या ओठांकडे बघितलं आणि ठोकून दिलं, "रस्ता."

फळ्यावर 'पुस्तक' लिहिलं होतं.

दुसरीच्या वर्गाला जोडाक्षरं शिकवायची बाईंची स्वतःची रीत होती. अर्धं अक्षर आलं की बाकावर मूठ टेकायची, आवाज तिथेच धरून ठेवायचा, आणि त्याला लागून पूर्ण अक्षर आलं की टाळी. सव्वीस वर्षं त्यांनी अशा मुठी टेकवून घेतल्या होत्या. यंदाही सगळी पोरं मार्गी लागली होती, एक टकळी सोडून. तिच्या तोंडाला दिवसभर खंड नसे, म्हणून वर्गानेच तिला हे नाव ठेवलं होतं. एकदा कानावर पडलेलं ती विसरत नसे, आणि घोडं तिथेच अडलं होतं. जिला ऐकून सगळं पाठ होतं, तिने अक्षरांशी कशाला झटापट करावी? बाईंचा घसा बसला, पण तिची टाळी कधी जागेवर पडली नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असं त्या शिक्षकांच्या खोलीत वैतागून म्हणायच्या आणि मग स्वतःवरच चिडायच्या. पोर काही मठ्ठ नव्हती.

आज वाचनाची तपासणी होती. तपासनीस ज्याच्या नावापुढे 'येत नाही' लिहितील, त्याला येईपर्यंत रोज अर्धा तास वेगळं शिकवायचं, असा नियम होता. 'येतं' लिहिलं की पोर सुटलं. तिसरीत गेल्यावर त्याला वाचता येतं की नाही हे बघायला कुणाला सवड नव्हती. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, मात्र सगळ्यांपुढे 'येतं' हवं होतं. सकाळी दारातच त्यांनी बाईंना गाठलं आणि एका पोरीपायी शाळेचं नाक कापू नका म्हणून बजावलं. पाठ म्हणते ना, म्हणू दे तिला.

बाई मान खाली घालून वर्गाकडे वळल्या. त्याचाही त्यांना राग आला.

तपासनीस दुपारी आले ते तीन शाळा उरकूनच. त्यांनी पंखा मोठा करायला सांगितला, प्रत्येकाला बारावं पान काढायला लावलं आणि कागदात डोकं घातलं. पोरं वाचत होती, ते खुणा करत होते. टकळी उभी राहिली, पुस्तक समोर बाकावर ठेवलं आणि गाडी सुटली. कुत्रा रस्त्यात बसला, दप्तरात बिस्किट होतं, कुत्र्याला वास आला. आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही. पंख्याच्या वाऱ्याने पान उलटलं. समोर आता आजोबा आणि त्यांचा हरवलेला चष्मा होता. टकळीचा कुत्रा मात्र बिस्किट खातच होता.

"छान," तपासनीस म्हणाले. "पुढचा."

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. नुसतं गप्प बसायचं होतं, दुसरं काही नाही.

"साहेब, जरा तिचं पान बघा," बाई म्हणाल्या.

तपासनिसांनी मान वर केली. शेजारच्या बाकावरच्या पोराने आधी बघितलं आणि तो फिसकन हसला. मग सगळा वर्ग हसला. टकळीने खाली बघितलं, आजोबांचं चित्र बघितलं, आणि तिच्या तोंडाला आयुष्यात पहिल्यांदा कुलूप लागलं.

"बाई, मी 'येतं' लिहून बसलोय," तपासनीस वैतागून म्हणाले. "आता खोडू का?"

मोठ्या बाईंच्या नजरेने बाईंच्या पाठीला चटका बसत होता.

"खोडा."

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी एवढंच सांगितलं की तो अर्धा तास आता तुमच्याच वेळातून काढा. त्याचं बाईंना काही वाटलं नाही. लागलं ते टकळीचं. दप्तर पाठीवर टाकताना ती हळूच म्हणाली, "तुम्हीच म्हणायच्या, किती छान म्हणतेस."

खरं होतं. जूनपासून सगळं वर्ष बाई तसं म्हणत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून दोघी रिकाम्या वर्गात बसू लागल्या. टकळी वेळेवर यायची, सांगितलेलं करायची, एक शब्द जास्त बोलायची नाही. जिला गप्प बसवता बसवता बाईंच्या नाकी नऊ येत, तिचं हे गप्प बसणं त्यांना सोसवेना. पण शिकवणं त्यांनी सोडलं नाही. पोरगी ओठ वाचते, म्हणून त्या तोंडापुढे वही धरून बसत.

आठव्या दिवशी आजोबांचं पान आलं. टकळीने शब्दाखाली बोट ठेवलं.

"च..."

मूठ बाकावर टेकली. "ष्..."

ती मूठ तशीच राहिली. बाहेर कुणीतरी बादली आपटली, झाडू फिरला, थांबला. वहीमागे बाईंनी ओठ घट्ट दाबून धरले होते.

टाळी वाजली. "मा. चष्मा."

एरवी एवढ्याशा गोष्टीला टकळी शाबासकीसाठी वर बघायची. आज तिने मान वर केली नाही. बोट पुढच्या शब्दाखाली सरकवलं आणि मूठ वळली.

बाईंनी 'छान' गिळलं आणि वही तशीच धरून ठेवली.