मयतीच्या घरची खुर्ची

“लुदी, त्या पोरीला नुसती बिस्किटं देऊ नकोस. रोज कुठं झोपते, ते विचार तिला,” सासूबाई म्हणाल्या होत्या.

कडेवरच्या बाळाला थोपटत लुदी हसली. “झोपत असेल की कुठंतरी, आई! मयतीच्या घरची फुकटची कॉफी पिऊन माझ्यापेक्षा टवटवीत दिसते ती.”

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी घडीची खुर्ची आहे. फिलिपीन्समधल्या मालाबोन गावच्या एका सुताराने मला घडवलं, खुर्च्या भाड्याने देणाऱ्या लुदीच्या सासूबाईंनी पाठीला हिरवा रंग दिला आणि माझं काम ठरलं: मयतीच्या घरी भाड्याने जायचं. आमच्याकडे मेलेल्या माणसाला पुरेपर्यंत क्षणभरही एकटं सोडत नाहीत. शेजारीपाजारी शवपेटीजवळ बसून राहतात, पत्ते खेळतात, कलिंगडाच्या बिया सोलतात. “काय ऐसपैस खुर्ची आहे!” असं माझं कौतुक व्हायचं. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मयतीच्या घरी मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर बसायची ती एकटी जेसिल, तीच ती बिस्किटं खाणारी पोर.

जेसिल सतरा वर्षांची. घर नाही, कुणी नाही. मयत कुणाचीही असो, ही हजर. कपबशा विसळायची. “आली बघा, सगळ्या गावाची नातेवाईक!” बायका थट्टा करायच्या. तीही हसायची. मग पेटीकडे बघत पुटपुटायची, “एमान, एमान.” लोकांना वाटायचं, प्रार्थना करतेय.

मग सासूबाईच वारल्या. जेसिल आली, पण बसली नाही. केसांतली पिवळी क्लिप काढून तिने बाळाच्या जावळात खोचली.

“अगं, तुझी एकुलती एक क्लिप ना ती?” लुदी म्हणाली.

“राहू दे ताई. मला आता नको.”

ती निघाली तशी लुदीला ती क्लिप खटकली. ती उठलीसुद्धा. पण मयतीला आलेल्याला घरच्यांनी दारापर्यंत पोचवायचं नसतं आमच्याकडे, अपशकुन होतो. लुदीने बाळाकडे पाहिलं आणि ती परत बसली.

दुसऱ्या दिवशी कोळ्यांनी जेसिलला खाडीतून बाहेर काढलं. जीव होता.

दवाखान्यात बसायला काही नव्हतं, म्हणून लुदी मला घेऊन गेली. जेसिलने डोळे उघडले आणि मला ओळखलं.

“ताई, ही तर मयतीची खुर्ची. जरा घाईच केलीस.”

“गप गं!” लुदीला हसू आणि रडू एकदमच आलं. “आज जिवंत माणसासाठी आणलीय.” मग तिने विचारलं, “एमान कोण?”

एमान जेसिलचा धाकटा भाऊ. दोघं राहायची त्या पुलाखाली तापाने गेला. त्याच दिवशी पुरला. त्याच्याजवळ कुणी बसलंच नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मनाचं दुखणं आहे, बरं व्हायला वेळ लागेल. गोळ्या देते. पण पुलाखाली तिला त्या वेळच्या वेळी कोण देणार?”

आता ती आमच्याच खुर्च्यांच्या खोलीत राहते. एखाद्या सकाळी उठून कॉफी करते. एखाद्या सकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहते, गोळीही घेत नाही. तेव्हा लुदी मला जवळ ओढते आणि नुसती बसून राहते.

आज लुदी मयतीच्या घरी खुर्च्या पोचवायला गेलीय आणि जेसिल अजून उठलेली नाही. मला चार पाय आहेत, मित्रांनो, पण जागचं हलता येत नाही. तुम्हाला येतं. रोज स्टँडवर, पुलाखाली दिसणारं एखादं पोर आज दिसलं नाही ना? शोधा त्याला. काल कुठं झोपलास, एवढंच विचारा. मग थोडं बसा त्याच्याजवळ.

जा, बघून या.