पालथं ताट

आमच्या घरात ताट पालथं घालत नाहीत. घासलेलं ताट लगेच फडक्याने पुसायचं आणि मांडणीत उभं करायचं. इतर बायका भांडी घासून टोपलीत उपडी टाकतात आणि आपल्या कामाला लागतात. मी पस्तीस वर्षं ताटं पुसत बसले आहे. भांड्याला येणाऱ्या दुर्गाबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "ताई, तुमच्यात हे देवाचं काही असतं का?" मी म्हटलं, "आमच्यात देवच नसतो, दुर्गाबाई. हे नवऱ्याचं आहे." "मग असू दे," त्या म्हणाल्या आणि फडकं शोधायला लागल्या.

नवरा म्हणजे धम्मदीप, जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले उपअभियंता. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते, पण इथे सरळ नाव लिहिते. नाहीतर 'हे' म्हणजे कोण ते वाचणाऱ्याला कळायचं नाही. मी शिक्षिका होते, कसबा पेठेतल्या शाळेत. तिथे इतकी वर्षं काढल्यावर जीभ जरा तिखट होते, तर तेवढं सांभाळून घ्यावं.

लग्नानंतर बरीच वर्षं मी धरून चालले होते, की ताटाची ही शिस्त सासूबाईंची. एकदा विचारलं, तर त्या अभिमानाने म्हणाल्या, "माझी कुठली? ती फादरची. बोर्डिंगातनं पोरगा सुधारूनच आला." सुधारून म्हणजे जेवताना एक शब्द बोलायचा नाही, दुसऱ्यांदा वाढून मागायचं नाही, ताटात शीत टाकायचं नाही, आणि जेवण होईपर्यंत डाव्या हाताने ताटाची कड धरून ठेवायची. वस्तीतल्या बायका आपल्या पोरांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. सासरे तर मुद्दाम बसने जाऊन फादरांचे आभार मानून आले होते.

बहात्तरच्या दुष्काळात घरात खायला नव्हतं म्हणून धम्मदीपना अकराव्या वर्षी त्या बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. कॅथलिक मिशनचं मुलांचं बोर्डिंग, शहराच्या कडेला. तेव्हा भोवती शेतं होती, आता टॉवर आहेत. तिथे दोन वेळचं जेवण, दुधाच्या भुकटीचं दूध आणि इंग्रजी मिळायचं. मॅट्रिकपर्यंत ते तिथेच शिकले. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोशेजारी, वीतभर खाली, फादरांचा फोटो आहे: पांढरा झगा, जाड चष्मा, चेहऱ्यावर हसू नाही. "फादर नसते तर मी खडी फोडत असतो," असं धम्मदीप पाहुण्यांना सांगायचे. मी दर रविवारी तो फोटो पुसायची.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. धम्मदीप पाव खात नाहीत. मिसळ पोळीशी खाणारा दुसरा माणूस मी पुण्यात पाहिलेला नाही. वडापाव घेतला की ते आतला वडा काढून घेतात आणि पाव माझ्या हातावर ठेवतात. पावाने पोट बिघडतं, हे त्यांचं कारण. मीही ते कधी तपासायला गेले नाही.

गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला एका रविवारी संभाजी आले. लोणी काळभोरला त्यांचं टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज आहे. बोर्डिंगमध्ये ते धम्मदीपच्याच वर्गात होते, शेजारच्या खाटेवर. मी मात्र त्यांचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पस्तीस वर्षांत नवऱ्याच्या तोंडून निघालेलं नाही असं एक नाव दारात चप्पल काढत उभं होतं.

"धम्या, मोठा साहेब झालास," ते म्हणाले. धम्मदीपनी त्यांना बसायला सांगितलं, पण स्वतः उभेच राहिले.

संभाजींचं काम थोडक्यात असं होतं. बोर्डिंगच्या काही जुन्या मुलांनी बिशपांकडे तक्रार केली होती. तिथे मुलांना पट्ट्याने मारायचे, धान्याच्या कोठीत कोंडायचे. त्याहून वाईट जे कोणी सांगितलं ते मी लिहीत नाही. ते ज्याचं त्यानेच सांगावं. बिशपांनी तीन जणांची समिती नेमली होती. एक निवृत्त न्यायाधीश बाई, एक सिस्टर आणि एक वकील. संभाजींनीही आपली हकिगत सांगितली. त्यावर बोर्डिंगच्या संस्थेने कळवलं, की हा मुलगा चोरी करताना सापडला म्हणून काढलेला आहे, त्याच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते समितीने ठरवावं.

"पाव मी घेतला हुता, ते खोटं न्हाई," संभाजी म्हणाले. "पण कशापायी घेतला, ते ठाऊक असलेला माणूस एकच हाय. त्यानं येऊन सांगावं, एवढंच. मला पैसा नको, काय नको." मग म्हणाले, "आमची म्हातारी मरेपर्यंत पैशाच्या डब्याला कुलूप लावायची. मला बघून लावायची."

धम्मदीप खिडकीशी गेले. "संभा, फार जुनं आहे ते. मला नीट आठवत नाही."

मला नवऱ्याची लाज वाटली. खोटं बोलताना ते कपाळ चोळतात आणि त्या वेळी ते कपाळ चोळत होते. संभाजींनी मात्र वाद घातला नाही. "बरं," म्हणाले आणि उठले.

"जेवल्याशिवाय जायचं नाही," मी म्हटलं. हे मी आग्रहाने म्हटलं की नवऱ्याचा राग म्हणून, ते सांगता येणार नाही.

जेवायला बसले. आमटी, भात, मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी. दोघांपैकी कोणी बोलेना. त्यात नवल नव्हतं. आमच्याकडे जेवताना कोणी बोलतच नाही. मी वाढायला वाकले तेव्हा मला दिसलं, की संभाजींचा डावा हात ताटाच्या कडेवर आहे. अंगठा आत, चार बोटं खाली, घट्ट. समोर धम्मदीपचा डावा हातही तसाच. या हातावरून मी आयुष्यभर त्यांना टोकत आले आहे. ताट काय पळून जाणार आहे का, म्हणून. त्या दिवशी माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

जेवण झाल्यावर संभाजींनी मला ताट उचलू दिलं नाही. स्वतः स्वयंपाकघरात येऊन घासलं, दोरीवरचं फडकं घेऊन पुसलं आणि मांडणीत उभं केलं. मी काही सांगितलं नव्हतं.

"भाऊ, तुमच्याकडेही ताट पालथं घालत नाहीत?"

ते हसले. "तुमच्याकडं बी हाय व्हय? आमची बायको लय बोलती त्यावरनं." मग हळू आवाजात सांगू लागले. "वैनी, बोर्डिंगात पोरानं काय चूक केली, की फादर जेवणाच्या खोलीत यायचा आन् त्याचं ताट पालथं करायचा. समदी पोरं जेवायची आन् त्या पोरानं पालथ्या ताटासमोर हात जोडून बसायचं. एक वेळ, दोन वेळ, फादरला वाटंल तवर. म्हणून आमी ताट धरून जेवायचो. धरून काय हुतंय म्हणा."

"आणि तुम्ही पाव चोरलात तो तुमचं ताट पालथं होतं म्हणून?"

"माझं न्हवतं. एका पोरानं अंथरूण ओलं केलं हुतं. त्याचं तीन दिस पालथं हुतं. तिसऱ्या राती मी भटारखान्यातनं दोन पाव आणले."

"त्या पोराचं नाव काय?"

संभाजींनी हॉलकडे पाहिलं. "ते तुमी त्यालाच इचारा," म्हणाले आणि निघून गेले.

मला विचारायची गरज नव्हती. पाव न खाणारा माणूस माझ्या घरात होता. पावाने पोट बिघडतं म्हणे. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि मला भयंकर राग आला. फादरांचा आला, सासऱ्यांचा आला, आभार मानायला बसभाडं खर्च करून गेले म्हणून. अकरा वर्षांचं उपाशी पोर डोळ्यांपुढे येत होतं आणि त्याच वेळी साठी उलटलेल्या त्या पोराचाही राग येत होता. संध्याकाळी ताटं घेताना एकदा मनात आलं, यांचं ताट पालथंच ठेवावं समोर, मग आठवेल. हात ताटापर्यंत गेलासुद्धा. पण तेवढी वाईट मी नाही. ताट सरळच मांडलं आणि विचारलं, "पाव तुम्ही खाल्लात ना?"

आमच्या घरात जेवताना पहिल्यांदा कोणी बोललं असेल.

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "हो."

मग ते बोलत गेले आणि आमटी गार होत गेली. "संभाने पाव पांघरुणात सरकवले. म्हणाला, लवकर खा, कोणी येईल. मी चावलेसुद्धा नाहीत नीट. दुसऱ्या दिवशी फादरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. पाव कोणी घेतले विचारलं. संभा पुढे झाला. कोणासाठी विचारलं, तर म्हणाला, मलाच भूक लागली होती. त्यांनी त्याला सगळ्यांसमोर मारलं. पट्ट्याच्या बक्कलाने मारलं. मी रांगेत होतो आणि माझ्या पोटात तो पाव होता. संध्याकाळी त्याच्या आईला बोलावून त्याला घालवून दिलं."

"आणि तुम्ही?"

"त्याच रात्री फादरांनी माझं ताट सरळ केलं. स्वतःच्या हाताने वाढलं. डोक्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं गं. त्या हाताने मला इतकं बरं वाटलं. तेच मला आजपर्यंत सहन होत नाही."

रडणारा नवरा मी कधी पाहिला नव्हता. मीही रडले, पण प्रश्न सोडला नाही. "मग समितीपुढे येऊन हे सांगणार का?"

"त्यांनी मला घडवलं. आज जो आहे तो त्यांच्यामुळे आहे. मी काय म्हणून सांगू त्यांच्याविरुद्ध? वारले आता ते."

"घडवलं असेल. ताटही त्यांनीच पालथं घातलं. दोन्ही सांगा. संभाजींचं नाव एवढं स्वस्त नाही, की तुमच्या आभारात खपून जावं."

आठवडाभर ते बोलले नाहीत. फिरायला जायचे, यायचे, पेपर तोच तोच वाचायचे. मीही गप्प राहिले, आणि हे माझ्याबाबतीत किती अवघड आहे ते दुर्गाबाईंना विचारा. पुढच्या रविवारी फोटो पुसायला स्टूल घेतलं, तेव्हा मी म्हटलं, "हा काढून ठेवू का?"

"नको," धम्मदीप म्हणाले. "शिकवलंही त्यांनीच. राहू दे."

"राहू दे. पण यापुढे धूळ तुम्ही पुसायची."

त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं. फोटो पुसून स्टुलावरून उतरले आणि म्हणाले, "संभाला फोन लाव. कधी जायचं विचार."

समितीचं काम एका साध्या खोलीत होतं. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर क्रूस. न्यायाधीश बाईंनी मलाही बसू दिलं. संभाजी मागच्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर हात ठेवून बसले होते. धम्मदीपनी उभं राहून सगळं सांगितलं, धरणाच्या कामाचा अहवाल द्यावा तसं, आवाज न चढवता. इंग्रजी फादरांनी शिकवलं हे सांगितलं. अंथरूण, ताट, पाव, पट्टा, डोक्यावरचा हात, सगळं सांगितलं. सिस्टर तरुण होत्या. त्यांनी मधेच लिहिणं थांबवलं आणि चष्मा काढून ठेवला.

वकिलांनी विचारलं, "त्या वेळी तुम्ही हे घरी का नाही सांगितलं?"

"घरी सांगितलं असतं तर घरी नेलं असतं," धम्मदीप म्हणाले. "घरी जेवायला नव्हतं."

मग न्यायाधीश बाई संभाजींकडे वळून म्हणाल्या, "तुमच्यावरचा चोरीचा आरोप खरा नव्हता, असं आम्ही नोंदवून घेतो."

संभाजी उभे राहिले. "न्हाई बाई. पाव मी घेतलाच हुता, ते कशाला पुसता? कुणासाठी घेतला, तेवढं लिवा."

बाईंनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी चष्मा लावला आणि धम्मदीपना पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, वडिलांच्या नावासकट, स्वच्छ. संभाजी ऐकत होते. त्यांचा चेहरा मला नीट बघवेना, म्हणून मी पाण्याच्या जगाकडे बघत बसले.

बाहेर ऊन होतं. समितीचं पुढे काय होईल, अहवाल कधी येईल, येईल की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. फाटकासमोर वडापावची गाडी होती. संभाजींना भूक लागली होती, आम्हालाही. तीन वडापाव घेतले, कागदात गुंडाळलेले, गरम. धम्मदीपनी नेहमीसारखा आतला वडा काढून घेतला, आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने मी पावासाठी हात पुढे केला.

त्यांनी पाव दिला नाही. हातात धरून थोडा वेळ पाहत राहिले आणि मग खाऊ लागले. नुसताच पाव, मोठे मोठे घास, भराभर, आजूबाजूला न बघता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही थांबत नव्हते.

संभाजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"सावकाश खा, धम्या," ते म्हणाले. "कुणी येत न्हाई."