हललेला फोटो

सुगत वानखडे अमरावतीच्या एका बँकेत नोकरीला होता, पण त्याचं खरं गोत रविवारचं. वरूडचा संत्र्याचा व्यापारी मनोज आणि तिवशाच्या शाळेत शिकवणारी दीपमाला. कितीतरी वर्षं तिघं कॅमेरे घेऊन रानोमाळ हिंडत होते. कोणाचा फोटो हलला की त्याची दिवसभर खैर नसे. सुगतच्या एका हललेल्या बिबट्याला मनोजने ‘गोधडी’ असं नाव ठेवलं होतं.

दिवाळीनंतर सुगतचा उजवा हात थरथरू लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हा हळूहळू वाढणार म्हणाले. सुगतने मित्रांना काही कळू दिलं नाही. शेवटी त्याच्या बायकोनेच, मायाने, मनोजला फोन केला.

त्या रविवारी तिघं मोर्शीजवळच्या धरणावर गेले. मनोजने न बोलता सुगतची बॅग आपल्या खांद्यावर घेतली. दीपमालाने त्याला सावलीतली जागा दिली. पाण्यावर काळापांढरा खंड्या पक्षी हवेतच पंख फडफडवत एका जागी थांबला, तसं सुगतने बटण दाबलं. पडद्यावर नुसता पांढरट डाग उमटला.

मनोजने वाकून पाहिलं. “मस्त आला,” तो म्हणाला. दीपमालानेही मान डोलावली.

डॉक्टरांसमोर बसतानाही सुगतला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

“मायानं सांगतलं न तुले?”

मनोज पाण्याकडे पाहत राहिला. “हो.”

“मंग खोटं काहून बोलून राहिला? हात गेला माहा, मी नाई गेलो. तुमी दोघं मयतीले आल्यासारखे बसले.”

“कसं हसू, सुगत्या? मले झोप नाई चार रोजाची.”

मग दीपमालाने कॅमेरा आपल्याकडे घेतला आणि फोटो मोठा करून पाहिला.

“सुगतदादा, खरं सांगू?”

“सांग.”

“हे पाखरू नाई वाटत. कोणाचं तरी बनियन वाळू घातलं हाये.”

मनोजला हसू फुटलं, आणि हसता हसताच तो रडू लागला. सुगत डाव्या हाताने त्याची पाठ थोपटत राहिला.

“पुढं बटणच नाई दाबता आलं तं?” मनोजने विचारलं.

“मंग तुमी काढा. मी नावं ठेवीन.”

दीपमालाने डबा उघडला. भाकर मोडताना सुगतचा हात थरथरला, ठेचा मांडीवर सांडला. या वेळी दोघांनीही नजर चोरली नाही.