खिंडीतल्या दोन डहाळ्या

माझी बायको मानसी कुडपणची. तिच्या माहेरी जाताना गावाच्या अलीकडे एक खिंड लागते. तिथे माणसागणिक एक हिरवी डहाळी टाकायची, अशी त्यांची रीत. जाताना टाकायची, येतानाही टाकायची. खिंडीतला राखणदार माणसं मोजतो म्हणे. मी महाडच्या कोर्टात वकिली करतो, असल्या मोजणीला मी काय भाव देणार? मी गाडीतच बसून राहायचो आणि ती उतरून दोघांच्या दोन डहाळ्या टाकून यायची. "तुमचीही टाकली हो, वकीलसाहेब," म्हणायची. गेल्या दिवाळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि मानसी गेली.

आम्ही दोघांनी एक सहल ठरवून ठेवली होती. गाडीत गादी आणि स्टोव्ह टाकायचा, घाटातलं सगळं जंगल हिंडायचं आणि रात्री गाडीतच झोपायचं. या भाद्रपदात मी एकटाच निघालो. मुलगी फोनवर ओरडली, "बाबा, एकटे कशाला जाताय?" मी चिडून फोन ठेवला. दुकटं व्हायला आता होतं कोण?

पोलादपूर मागे टाकून वर चढायला लागलो, तसं रान दोन्ही बाजूंनी अंगावर आलं. धुकं इतकं, की सकाळचे अकरा वाजले तरी दिवे लावून चालवत होतो. वाटेत ना माणूस, ना गुरं. काच खाली केली तर पाखराचा आवाजसुद्धा नाही. खिंडीत पोचलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः खाली उतरलो. का, ते मला विचारू नका. जांभळीची फांदी वाकवली आणि हाताने आपसूक दोन डहाळ्या मोडल्या. एक टाकली. दुसरी टाकताना तोंडून गेलं, "ही तुझी."

गाडी सुरू केली आणि टिंग टिंग वाजायला लागलं. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही, की आमची गाडी अशी ओरडते. सीट रिकामी होती. सामान सगळं मागे. मी सीट दाबून पाहिली, थोपटून पाहिली. जरा गार आणि ओलसर लागली; म्हटलं, धुक्याने असेल. आवाज काही थांबेना. अंगावर सर्रकन काटा आला.

आणि मग, खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. कारण मानसी गाडीत असली की हा आवाज ठरलेला. ती बेल्ट लावायचीच नाही. "पोटाला काचतो," म्हणायची आणि टिंग टिंग खुशाल वाजू द्यायची. हायवे आला की पोलिसांच्या भीतीने मीच वैतागून वाकायचो आणि तिचा बेल्ट लावायचो. ती नुसती हसत बसायची. "चल," मी रिकाम्या सीटला म्हणालो, "माहेरी जाऊन येऊ."

कुडपणला मानसीची चुलती, राहीबाई, ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मला बघून ती उठली, पण तिची नजर माझ्यावर नव्हती, गाडीवर होती.

"जावईबापू, गाडीत कोन हाय?"

मी सगळं सांगितलं. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"दोन टाकल्यात? आन् दुसरी तिच्या नावानं?"

"काकू, ती आलीय. मला कळतंय."

"मानसीला आपन जाळली, बापू. तुमीच अग्नी दिलात ना? ती कशी येईल?" राहीबाई माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात बोलायला लागली. "तुमी राखनदाराला सांगितलंत, दोघं हाव. मंग दुसरी जागा रिकामी ऱ्हात नाय. बसायला कोन बी बसंल. उजेड हाय तवर निघा. खिंडीत एकच डहाळी टाका आन् मोठ्यानं सांगा, एकटा आलो, एकटा चाललो. म्हंजे जे असंल ते तितंच उतरंल."

"आणि दोन टाकल्या तर?"

"मंग तुमच्या घरी दोघं जातील."

तिने मला चहासुद्धा विचारला नाही. मानसीच्या माहेरी असं कधी झालं नव्हतं.

परत निघालो तेव्हा धुकं आणखी खाली उतरलं होतं. शेजारी टिंग टिंग चालूच. खिंडीत उतरलो, एक डहाळी मोडली, टाकली आणि ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं. एकटा आलो. एवढं म्हणालो आणि थांबलो. महाडचं घर डोळ्यांसमोर आलं. एकच ताट, एकच कप, आणि संध्याकाळभर उगाच चालू ठेवलेला टीव्ही. मला एकटं जायचं नव्हतं. मला माझी बायको परत हवी होती, बस्स. मी दुसरी डहाळी मोडली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली.

उतारावर मी किती बोललो! मुलीच्या नव्या नोकरीचं सांगितलं, कुकरची शिट्टी बिघडल्याचं सांगितलं, शेजारच्यांनी आपली कढीपत्त्याची कुंडी कशी लाटली तेही सांगितलं. वळणामागून वळणं जात होती, आवाज वाजत होता आणि मी कित्येक महिन्यांनी मोकळा हसत होतो. राहीबाईचा थोडा रागच आला. म्हातारी उगाच घाबरवत होती.

पोलादपूर आलं. हायवेवरचे ट्रक दिसायला लागले. मी नेहमीसारखी गाडी कडेला घेतली आणि खोट्या वैतागाने म्हणालो, "लाव गं आता बेल्ट. हायवे आला."

आणि तो लावायला नेहमीसारखा वाकलो.

माझा हात पोचायच्या आत पट्टा सरसरत बाहेर आला, आडवा झाला आणि खट्‌कन बसला. टिंग टिंग थांबलं.

मानसीने आयुष्यात एकदाही स्वतःचा बेल्ट स्वतः लावला नव्हता.