आठव्या संध्याकाळचा कोट

“काका, हुकूम उघडा,” आदिनाथ म्हणाला.

हनोखकाकांनी चटईवर पालथं ठेवलेलं पान उलटलं. बदामाची राणी. सांगितल्याबरोबर उलटलं, हे त्यांच्या बायकोनं, सिपोराबाईंनी पाहिलं.

हनुका या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाची ही आठवी, शेवटची संध्याकाळ. खिडकीत आठही मेणबत्त्या लागल्या होत्या. त्या जळत असेतो घरात कुणी कामाला हात लावायचा नाही, म्हणून पत्ते. सत्तेचाळीस वर्षं नवरा-बायको समोरासमोर बसून, एकमेकांचे भिडू म्हणून मेंढीकोट खेळत आलेले. विरुद्ध बाजूचे भिडू म्हणजे शेजारचा आदिनाथ आणि त्याची आई मालनबाई, पारनेरहून नगरात येऊन राहिलेले.

मालनबाई कप विसळायला उठल्या. सिपोराबाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं. “दिवे जळताहेत, बसा गुमान.”

जात्यात दाण्यामागून दाणा जावा, तसं काकांच्या आठवणीतलं एकेक गेलं होतं. आधी एसटी डेपोतली माणसं, मग गल्लीचं वळण, मग बायकोचं नाव. आता तर ती आंघोळ घालायला गेली की ढकलून देत, परक्या बाईनं हात लावल्यासारखं. आयुष्यभर नर्स म्हणून लोकांची अंगं पुसली तिनं. आपल्याच माणसानं हात झिडकारला. ठाण्याच्या लेकीनं, मिल्कानं, वृद्धाश्रमात जागा धरून ठेवली होती. सिपोराबाईंनी मुदत मागितली होती : हनुका होऊ दे. पत्त्यांना बसले की ओळखतील मला. नाही ओळखलं, तर ने.

सात संध्याकाळी काका पानं हातात धरून नुसते बसले. आज खेळत होते.

आदिनाथनं मुद्दाम चौकटची दश्शी, म्हणजे मेंढी, काका जिंकत असलेल्या हातावर सोडली.

“उचल ती मेंढी परत,” काका हसले. “लहान पान आहे तुझ्याकडं, आदिनाथ. दया नको दाखवू.”

“अगं बया! पानं मोजत्यात की हो!” मालनबाई म्हणाल्या. “लई धुनार आज आमाला.”

आदिनाथचं नाव आठवलं. म्हणजे माझंही आठवेल, सिपोराबाईंना वाटलं.

शेवटी तीन दश्श्या काका-सिपोराबाईंकडे झाल्या. मालनबाईंनी किलवरचा राजा टाकला. सिपोराबाईंकडे लहान पानं होती; तरी त्यांनी किलवरची दश्शीच खाली ठेवली, समोरच्या माणसाच्या भरवशावर. आदिनाथनं तिर्री टाकली. काकांनी क्षणभर पाहिलं आणि बदामाच्या एक्क्यानं हात मारला.

चौथी मेंढी. चारही दश्श्या आपल्या, म्हणजे कोट!

“अहो! जिंकलो आपण!”

काकांनी हात जोडले. “फार सुरेख खेळता तुम्ही, बाई. आमची सिपोरा आली की सांगतो तिला. तिची जागा राखलीत.”

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला.

“येईल ती,” सिपोराबाई म्हणाल्या. “तोवर बसते मी.”

फोन वाजला. मिल्का.

“आई, ओळखलं?”

“कोट केला गं त्यांनी.”

“आई...”

“ये सकाळी. झोपताना त्यांना लोकरीची टोपी लागते. तिथं सांगून ठेव.”

काकांचं पत्ते पिसून झालं होतं. कॅट नीट जुळवून, पाहुण्यापुढे ताट धरावं तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी पुढे केला.

“कापा, बाई.”

सिपोराबाईंनी पदर सारखा केला, आणि कापला.