नळीवरची पांढरी रेघ

सांबऱ्याच्या विमानतळावर वैमानिक घडवणारी एक संस्था आहे. कंग्राळीची स्वरूपा तिथं मेकॅनिक म्हणून नुकतीच लागली होती. सकाळीच तिनं एका छोट्या विमानाच्या इंजिनाचा पेट्रोल पंप बदलून त्याची नळी जोडली होती. पहिल्यांदाच एकटीनं. वरिष्ठ मेकॅनिक नागेंद्र सरांनी इंजिन चालवून बघितलं, गळती नव्हती, त्यांनी सही केली.

त्याच विमानातनं आरोही आज पहिल्यांदा एकटी उडणार होती. वडगावहून तिचे आई-वडील साड्या विणायचा माग बंद ठेवून आले होते, कुंपणापाशी उभे होते.

चाकाखालचे ठोकळे काढायला स्वरूपा वाकली, तर इंजिनाच्या झाकणाखाली निळसर ओल दिसली. या विमानांचं पेट्रोल निळं असतं. सकाळचं सांडलेलं असेल, असं तिला क्षणभर वाटलं. पण तिनं स्वतः सगळं पुसून घेतलं होतं. तिनं दोन्ही हात वर करून विमानात बसलेल्या आरोहीला थांबवलं.

आरोहीचा चेहरा पडला. कुंपणापाशी तिची आई काय झालं म्हणून कुणाला तरी विचारत होती.

नागेंद्र सर धावत आले. झाकण उघडलं. पंपाजवळचा जोड ओला होता. नळीच्या लांबीवर पांढरी रेघ असते, ती सरळ राहायला हवी. इथं ती नळीभोवती फिरली होती. नट आवळताना दुसऱ्या पान्यानं जोड धरायचा राहिला, नळी पिळली गेली. इंजिन चालल्यावर पेट्रोलच्या दाबानं नळीनं हळूहळू पीळ सोडला आणि नट सैल झाला. नोकरी गेली, असंच स्वरूपानं धरलं.

"सर, चूक माझी हाय," ती म्हणाली.

नागेंद्र सरांनी रेघेवरनं बोट फिरवलं. "ही रेघ माझ्याबी नजरंतनं सुटली. सही माझी हाय. वरच्या सायबांना तसंच सांगतो मी." मग नवी नळी आणि दोन्ही पाने त्यांनी तिच्यापुढं धरले. "परत तूच जोड."

तिनं जोडली. या वेळी दोघांनी हात लावून, वाकून बघितलं. इंजिन सकाळपेक्षा जास्त वेळ चालवलं.

दुपारी वारा पडल्यावर आरोही उडाली, एक फेरी मारून अलगद उतरली. आई-वडिलांना भेटून ती थेट हँगरमध्ये आली. थांबवलं तेव्हा लई राग आलता, हे तिनं सरळ सांगून टाकलं. मग म्हणाली, "आक्का, वरनं तुमच्या कंग्राळीची शेतं दिसली. तू कधी बघितलीस?"

स्वरूपानं नाही म्हणून मान हलवली. ती कधीच विमानात बसली नव्हती.

"चाचणीच्या उड्डाणाला मेकॅनिकला नेतात," पाने पुसत नागेंद्र सर म्हणाले. "मंगळवारी हिला बसवू."