कुलपाशिवाय विकलेली प्रत

मित्रांनो, मी एक जुना प्लगइन आहे, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरला जोडून चालणारा छोटा प्रोग्राम. तुम्ही मजकूर द्या, मी त्याची ब्रेल पानं करून देतो. ठिपक्यांची, बोटांनी वाचायची.

मला घडवलं ताईनं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, निवडायची भाजी बाजूला सारून. तिचा दादा अंध मुलांच्या शाळेत शिक्षक, स्वतःही जन्मांध. त्याच्या वर्गासाठी मी जन्मलो आणि मग बाजारात उभा राहिलो. माझे भाव दोन होते. कुलूपबंद प्रत स्वस्त. माझा सोर्स कोड, म्हणजे मी ज्या ओळींनी बनलो त्या, वाचायची आणि बदलायची मुभा देणारी प्रत चौपट महाग. ती कोणी घेईना. दादानं नेमकी तीच मागितली.

"अरे, तुला फुकट देते! पण उघडी प्रत घेऊन करशील काय? तुला कुठे प्रोग्रामिंग येतं?"

"मला शिवता तरी कुठे येतं? तरी सदरा घेताना शिवणीत माया सोडलीय का, ते चाचपतोच ना मी? उद्या उसवायची वेळ आली तर शिंप्याला आत जादा कापड नको? पैसे घे गुपचूप."

ताई हसत सुटली. मी मात्र मनातून सुखावलो.

पुढे माझं नाव झालं. एका कंपनीनं मला सगळ्या हक्कांसकट विकत घेतलं. करारच तसा होता, म्हणून ताईनं स्वतःजवळचा कोडही पुसून टाकला. कंपनीनं चार दिवस कौतुक केलं आणि मग मला अडगळीत टाकलं. अशात मोठं सॉफ्टवेअर बदललं आणि माझे ठिपके भलतीकडेच पडू लागले. शाळा उघडायला आलेली, मुलांची पुस्तकं अडलेली. मला फार लाज वाटली.

कंपनीनं कळवलं, हे उत्पादन बंद झालं आहे. ताई रडकुंडीला आली.

"मीच लिहिलेलं, आणि मलाच हात लावता येत नाही रे!"

"माझी प्रत आहे की," दादा म्हणाला. "ती कोणाकडूनही दुरुस्त करून घ्यायची मुभा तूच विकलीस मला. बसा, शिंपीणबाई."

ताई बसली. तिनं पान काढलं की दादा त्यावरून बोट फिरवायचा आणि अडला की मान हलवायचा. ती पुन्हा कोडकडे वळायची. शेवटी एक पान तो न थांबता वाचत गेला. धडा संपून तो पुढचा वाचू लागला, तरी ताईनं त्याला थांबवलं नाही.

त्याच्या मुलांना पुस्तकं वेळेवर मिळाली. दादाला आपली प्रत इतरांना वाटायची मुभा नव्हती, त्यामुळे इतर शाळांतली माझी भावंडं मात्र कुलपातच राहिली, त्यांना कोणी उघडू शकलं नाही. मित्रांनो, वस्तू घेताना भाव जरूर विचारा, पण बिघडली तर उघडता येईल का, हेही विचारा. आणि कधी काही घडवून विकलंत, तर शिवणीत थोडी माया सोडा.